वकीलसाहेबांचा बैल

“वकिलानं बैल घेतलाय म्हणं.”

“कंच्या वकिलानं?”

“त्यो जाड चष्म्याचा. कोर्टाच्या कामाला म्हणून घोडेगावच्या बाजारात गेल्ता. येताना बैलच घेऊन आला.”

“शेती हाय का त्याला?”

“कुठली शेती? दारात तुळस हाय तेवढी.”

नगरच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोघं जण उकिडवे बसून बोलत होते. मी त्यांच्या मागेच, स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलापाशी, छातीशी फाइली धरून उभी होते. जाड चष्म्याचे वकील म्हणजे माझे सीनियर. बाजारात त्यांच्याबरोबर मी होते. त्यांनी बैल घेतला नव्हता, बैल त्यांच्या अंगावर आला होता, हा खुलासा सबंध जिल्ह्यात फक्त मीच करू शकले असते. मी तो केला नाही. तिकिटं घेतली आणि खालमानेनं आत गेले. त्या दिवसांत मी बहुतेक ठिकाणांहून अशीच जात असे.

तुळशीचं मात्र बरोबर होतं.

पुण्याहून वकिलीची परीक्षा देऊन मी नगरला परत आले ती बहात्तरच्या सुरुवातीला. शाळा कॉन्व्हेंटची, कॉलेजात सगळं इंग्रजी. घरी मराठी बोलत असू, पण ती ‘मीठ दे’, ‘दार लाव’ एवढ्यापुरती. मराठीत भांडता येत नव्हतं, आणि वकिलीत दुसरं करायचं काय असतं? वडील मला घेऊन दिल्लीगेटच्या आतल्या त्यांच्या ओळखीच्या वकिलांकडे गेले. वकीलसाहेब तेव्हा साठीचे असतील. ते शेंगा सोलत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी वडिलांना विचारलं, “बोलते का?”

“जरा कमी बोलते,” वडील अपराध्यासारखे म्हणाले.

“उत्तम. जास्त बोलणारे पुष्कळ आहेत, ते सगळे समोरच्या बाजूला असतात.” मग माझ्याकडे वळून, “काय येतं तुम्हाला?”

मी म्हणाले, “इंग्लिश ड्राफ्टिंग.” ते त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेही गेलं नसावं, कारण ते म्हणाले, “असू दे. उद्यापासून या, कॉन्व्हेंट.”

तेव्हापासून ऑफिसात माझं तेच नाव पडलं. अशिलांना ते आडनाव वाटे. कर्जतच्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलेलं मी ऐकलं, “ह्ये कॉन्व्हेंट म्हंजी कंच्या गावचे?” शेजारी म्हणाला, “कोकनात असत्यात.”

वकीलसाहेब फौजदारी कामाला हात लावत नसत. “खून करणारा माणूस एकदाच चिडतो,” ते म्हणत. “वाटणी मागणारा तीस वर्षं चिडलेला असतो. त्याच्या रागाला चव असते.” त्यांच्याकडे दावे येत ते भागीदारीचे, घरादुकानांचे आणि मृत्युपत्रांचे. देवळात ते जात नसत. स्टॅम्प व्हेंडरला मात्र येता-जाता दोन्ही हात जोडून नमस्कार करत. उलटतपासणीच्या दिवशी जेवत नसत, कोटाच्या खिशात गूळ-शेंगदाणे घेऊन येत. पोट भरलं की दया येते, हे त्यांचं कारण. त्यांच्या त्या खिशातून एकदा कोर्टात पुरावा म्हणून दाखल करायची एक पावती निघाली, ती गुळाला चिकटलेली होती. न्यायाधीशांनी ती चिमटीत धरून बराच वेळ पाहिली आणि तिच्यावर निशाणी क्रमांक घातला.

सोडावॉटरच्या कारखान्याचे भागीदार असलेले दोघे भाऊ होते. मशीन एक आणि भाऊ दोन, असा दावा. नऊ वर्षं चालू होता. दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण प्रत्येक तारखेला एकाच एसटीनं येत आणि एकाच बाकावर बसत. शेवटी न्यायाधीश कंटाळून म्हणाले, तडजोड करा. वकीलसाहेब उठले. “साहेब, यांना दावा जिंकायचा नाही. यांना महिन्यातून एकदा भेटायला जागा हवी आहे, आणि सरकारनं ती फुकट दिली आहे. तारीख द्यावी.” समोरच्या भावाचा वकील हरकत घ्यायला उठला, तर त्याच्याच अशिलानं त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं.

मृत्युपत्र हा त्यांचा लाडका कागद. आलेलं मृत्युपत्र ते आधी सबंध मोठ्यानं वाचत, चवीनं, सुपारी चघळल्यासारखं. त्यांचा एक सिद्धान्त होता: खऱ्या मृत्युपत्रात एक तरी टोमणा असतो. “मरताना माणूस एवढा गोड होत नाही हो, कॉन्व्हेंट. ‘माझ्या सर्व आप्तांवर माझे सारखेच प्रेम आहे’ असं लिहिलेलं दिसलं की समजा, हे वकिलानं लिहिलंय.”

आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. अशील आला की ते त्याचा हात हातात घेत आणि सोडतच नसत. तो दाव्याची हकिगत सांगत असताना हे मधून मधून हात दाबत. “हात मोकळा झाला की माणूस हातवारे करतो, आणि हातवारे करायला लागला की खोटं बोलतो.” बायकांचेही हात धरत, पण एवढ्या वैद्यासारख्या चेहऱ्यानं की कुणाला गैर वाटत नसे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, “लग्नात माझा हात धरला तो पाणी सोडून झालं तरी सोडेनात. भटजी म्हणाले, अहो, आता जेवायला बसायचंय.”

आणि खुर्ची. ऑफिसात एक खुर्ची होती, तिचा एक पाय बोटभर आखूड. ती साक्षीदाराची. दुसऱ्या दिवशी ज्याची उलटतपासणी घ्यायची असेल तो साक्षीदार मी व्हायचं आणि त्या खुर्चीत बसायचं. कागद वाचून यायचं, आणि ते विचारतील त्याला त्या माणसासारखं उत्तर द्यायचं. मी खुर्चीत डुगडुगत तलाठी झाले, दोन बायका केलेला सोनार झाले, भागीदाराला फसवणारा कापडदुकानदार झाले. पहिल्या महिन्यात नुसती ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणायची. ते ओरडत, “असा सोनार नसतो! सोनार चिडेल. चिडा!” हळूहळू मी चिडायला लागले. एकदा काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “कोण बाई एवढी भांडतेय?” तिथे दुसरी कोणी बाई नव्हती.

दुसऱ्याच्या नावानं मला बोलता येऊ लागलं होतं. कोर्टात मात्र वर्षभरात एक शब्द बोलले नव्हते. फाइल पुढे करायची, पुस्तकाचं पान उघडून द्यायचं. बाररूममध्ये एक जण दुसऱ्याला म्हणालेला मी ऐकलं, “त्यांनी ज्युनियर ठेवलीय का कपाट?”

आता सोनईच्या मावशींची गोष्ट.

सोनईत पेंडीचं एक दुकान होतं. जनावरांना घालायची सरकी पेंड, भुईमूग पेंड, दोरखंड, बैलांच्या तोंडाला बांधायच्या मोहरक्या. मालक बिनमुलाचा. त्याची बायको आजारी पडली तेव्हा तिची विधवा बहीण शुश्रूषेला महिनाभरासाठी म्हणून आली. बायको वारली आणि बहीण राहिली. बावीस वर्षं राहिली. गावानं पहिली पाच वर्षं कुजबुज केली, मग कंटाळून तिला मावशी म्हणायला लागलं. दुकान तीच चालवत होती. पोती उतरवून घेणं, उधारी नाकारणं, गिऱ्हाइकाला शिव्या घालणं, सगळं. पण कायद्यानं मेव्हणी म्हणजे कोणी नाही. म्हातारा मृत्युपत्र न करता मेला तर घर आणि दुकान पुतण्याचं, आणि मावशी पंचावन्नाव्या वर्षी गाठोडं घेऊन रस्त्यावर.

म्हाताऱ्यानं मृत्युपत्र केलं होतं. शाळामास्तरांनी ते लिहून घेतलं: घर आणि दुकान मेव्हणीला. सही करायचं म्हातारा ‘उद्या बघू’ करत राहिला, आणि तेवढ्यात त्याला झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. मग मास्तरांनी तोच कागद त्याला वाचून दाखवला आणि त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. साक्षीदार दोन. एक मास्तर, आणि दुसरा घोडेगावच्या बाजारातला गुरांचा दलाल, जो पेंडीच्या निमित्तानं दुकानात यायचा. पुढे म्हातारा गेला, आणि मागोमाग मास्तर. उरला दलाल.

वकीलसाहेबांनी मृत्युपत्र मोठ्यानं वाचलं. शेवटी एक ओळ होती: ‘माझी छत्री पुतण्याकडे तीन पावसाळे आहे, ती आता त्याच्याकडेच राहू द्यावी.’ त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि मावशींचा हात हातात घेतला. “शंभर टक्के खरं.”

पण छत्रीवर न्यायाधीश निकाल देत नाहीत. पुतण्यानं मृत्युपत्राला हरकत घेतली होती, आणि प्रश्न एवढाच होता की अंगठा उठवताना म्हातारा शुद्धीवर होता का. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना हवं ते थोडं थोडं सांगितलं होतं. सगळी भिस्त दलालावर. तो ऑफिसात येऊन चहा पिऊन ‘म्हातारा एकदम हुशारीत हुता’ असं सांगून गेला होता. तारखेच्या दिवशी मात्र तो पुतण्याच्या जीपमधून उतरला. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, “मास्तर म्हनले सही कर, मी केली. म्हातारा लाकडावानी पडल्याला. त्याला काय बी कळत नव्हतं.”

“आरं मुडद्या!” मागच्या बाकावरून मावशी ओरडल्या. न्यायाधीशांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

आपलाच साक्षीदार उलटला की त्याची उलटतपासणी घ्यायला कोर्टाची परवानगी लागते. ती मिळाली, पण दिवस संपला होता. पुढची तारीख पडली. पायऱ्यांवर मावशी पदर कमरेला खोचून उभ्या होत्या.

“लाकडावानी म्हनं! त्याच हप्त्यात त्याच म्हाताऱ्यानं ह्यालाच बैल इकला. ह्यो घरी आल्ता, रुमालाखाली डावा हात धरून सौदा केला. लाकडानं बैल इकला व्हय?”

वकीलसाहेबांनी तिथेच, पायरीवर, त्यांचा हात धरला. “पुन्हा सांगा. सावकाश.”

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, एवढं मला तेव्हा कळलं. घेणारा आणि विकणारा हातात हात घालतात, वर रुमाल टाकतात, आणि बोटं धरून आकडे सांगतात. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. विक्रीची बाजाराची पावती मावशींच्या डब्यात होती, चारशे दहाची. वकीलसाहेब तीन दिवस ऑफिसात माझ्या, काकूंच्या आणि पोस्टमनच्या हाताची बोटं धरून हिशेब लावत बसले. मग म्हणाले, “हे पुस्तकात नाही. घोडेगावला जाऊ.”

बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. त्या वर्षी पाऊस नव्हता. चारा नव्हता म्हणून लोक जनावरं काढत होते. माळावर नजर पोचेल तिथवर शिंगं. भजी तळणाऱ्या बाया सोडल्या तर बाईमाणूस मी एकटी, पांढऱ्या साडीत, काळा कोट हातावर, वही उघडून. “नोट्स घ्या,” त्यांनी बजावलं होतं. त्यांनी दुसऱ्याच एका दलालाला गाठलं. एक पांढरा बैल उभा होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “समजा, हा मला घ्यायचाय.” त्यातलं ‘समजा’ गलक्यात गेलं असावं. दलालानं हात पुढे केला, रुमाल टाकला.

आणि वकीलसाहेबांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. हात घट्ट धरला आणि विचारायला लागले. “हे बोट धरलं म्हणजे शेकडा ना? बरं. आणि अंगठा दाबला तर?” मधून मधून, अशिलाचा दाबत तसा, हात दाबत होते. दलाल बोटांनी बोलत होता. त्याचं सगळं लक्ष रुमालाखाली. दोनेक मिनिटांनी त्यानं रुमाल उडवला आणि ओरडला, “घेतला!” कुणीतरी बैलाच्या पाठीवर गुलाल टाकला. थोडा माझ्या वहीवर पडला.

“अहो, मी फक्त माहिती घेत होतो,” वकीलसाहेब म्हणाले.

“घेतली की. आता बैल बी घ्या.”

त्यांनी तिथे माळावर उभं राहून करार, संमती आणि गैरसमज या विषयांवर दहा मिनिटं भाषण केलं. चाळीस-पन्नास माणसांनी ते शांतपणे ऐकलं. शेवटी एक म्हातारा व्यापारी समजुतीच्या सुरात म्हणाला, “साहेब, हितं तोंडाचं चालत न्हाई. भाव पटला न्हाई की मानूस हात काढून घेतो. हात राहिला म्हंजी मान्य. तुमी तर दाबत हुता.”

वकीलसाहेब थबकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला वाटलं, ऊन लागलं. “कॉन्व्हेंट, लिहा. हात काढला नाही म्हणजे मान्य. आपल्या अख्ख्या करार कायद्यात एवढं स्वच्छ कलम नाही.” आणि त्यांनी बैल घेतला. माझ्या बसच्या पैशांसह.

आम्ही ट्रकमधून परत आलो. मागे बैल, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी बैलाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“निदान दूध देणारं तरी आणायचं.”

त्याला विहिरीपाशी, ऑफिसच्या सायकलशेजारी बांधलं. काकूंनी त्याचं नाव ‘अशील’ ठेवलं. खातो, सांगितलेलं ऐकत नाही आणि जायचं नाव घेत नाही, म्हणून. खेड्यातून आलेल्या पक्षकारांना मात्र बैल पाहून फार बरं वाटे. वकील आपल्यातला आहे असं ते एकमेकांना सांगत. पुढे तो मावशींच्या गाडीला गेला आणि त्यांच्याच दुकानाची पोती ओढत म्हातारा झाला.

तारखेच्या आदल्या दिवशी मला खुर्चीत बसवलं. आता मी दलाल होते. ते विचारत होते, मी उत्तरं देत होते, हाय-न्हाई-व्हय सगळं करून. पहिला आकडा काय सांगितला? शेवटचा काय? खोलीत कोण होतं? मी गुर्मीत डुगडुगत होते. एका उत्तराला माझ्याच मनात काहीतरी टोचलं. दलाल म्हणून मला वाटलं, आता हा अमुक विचारणार, आणि मग माझं काही खरं नाही. त्यांनी ते विचारलं नाही. ते गूळ शोधत होते. मी बोलायला हवं होतं. पण मी दलाल होते, आणि खुर्चीतून उठल्यावर पुन्हा कपाट झाले. मी तो प्रश्न वहीच्या कडेला, गुलालाच्या डागाखाली लिहिला आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. बैलाची बातमी लिंबाखालून सगळीकडे गेली होती, आणि बरेच जण फक्त बैलवाले वकील बघायला आले होते. मावशी मागच्या बाकावर, या खेपेला तोंडात पदराचा बोळा धरून. पुतण्या पुढच्या बाकावर. वकीलसाहेब गूळ-शेंगदाणे खाऊन उभे राहिले.

“अंगठा उठवला त्याच आठवड्यात तुम्ही त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून बैल घेतला?”

“घेतला.”

“सौदा रुमालाखाली?”

“रीत हाय ती.”

“पहिला आकडा तुम्ही काय धरलात?”

“तीनशे. मी सुरुवात कमीच धरतो.” दलालानं इकडे तिकडे पाहिलं. लोक हसले. त्याला ते आवडलं.

“आणि पावती?”

“चारशे धा.”

“खोलीत आणखी कोण होतं? या बाई होत्या? यांनी भावात तोंड घातलं?”

“बायामानसं सौद्यात नसत्यात. ती तिकडं चुलीम्होरं. खोलीत म्हातारा आन् मी.”

“मग म्हातारा शुद्धीवर होता!”

“न्हाई. त्याचा हात आपला माज्या हातात पडून हुता, लाकडावानी. रीत म्हणून धरला, झालं.”

इथे वकीलसाहेबांचा धागा सुटला. निदान मला तसं दिसलं. त्यांनी हात पुढे केला, “दाखवा, कसा धरला होता,” आणि दलालानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“न्हाई बा. तुमच्या हातात हात द्यायचं भ्या वाटतं. घोडेगावात तुमी त्या दलालाचा धरला तो सोडलाच न्हाई. आमच्यात हात काढला न्हाई म्हंजी सौदा मान्य. ऱ्हायला हात आन् घ्यावा लागला बैल!”

सगळं कोर्ट हसलं. शिरस्तेदार हसले. पुतण्या मांडीवर थाप मारून हसला. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला, पण लेखणी चालू ठेवली; दलालाचं उत्तर ते शब्दाशब्दानं लिहून घेत होते. वकीलसाहेब चष्मा काढून पुसायला लागले, आणि खाली बसले.

पुढे कितीतरी वर्षं मी त्यांना विचारत आले, तेव्हा तुम्ही खरंच अडकला होतात का. प्रत्येक वेळी त्यांनी शेंगा पुढे केल्या. एवढंच सांगू शकते की बसताना त्यांनी आपली खुर्ची हातभर बाजूला ओढली होती, आणि माझ्यासमोर मोकळी वाट झाली होती.

“आणखी प्रश्न?” न्यायाधीशांनी विचारलं. “नसतील तर साक्षीदाराला जाऊ द्या.”

दलालानं टोपी घातली. मागे मावशींनी पदराचा बोळा तोंडातून काढला होता, पण त्या ओरडल्या नाहीत. त्या माझ्याकडेच बघत होत्या, पेंडीचं पोतं फाटलंय हे गिऱ्हाइकाच्या आधी लक्षात यावं तशा. माझ्या हातात वही होती. मी उभी राहिले तेव्हा फाइली खाली पडल्या, आणि त्या आवाजानं सगळे गप्प झाले.

“आपण?” न्यायाधीश म्हणाले.

“त्यांची ज्युनियर,” मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही, पण त्यांनी मान हलवली. दलाल टोपीसकट माझ्याकडे वळला. त्याला मी चांगली ओळखत होते. आदल्या दिवशी सबंध दुपार मीच तो होते.

“दादा,” मी विचारलं, “म्हाताऱ्याचा हात नुसता पडूनच होता, तर तीनशेचे चारशे दहा कुणी केले?”